शेंदराचा संशय

बाबा, डॉक्टरांनी मला बोलायची मनाई केली आहे, म्हणून लिहायला बसले. तुम्हाला काही सांगावं असं आजवर वाटलंच नाही, असं नाही. पण जिवंतपणी तुम्हाला सांगितलेली कुठलीही गोष्ट तुम्ही आधी उलटीपालटी करून बघायचा, गिऱ्हाईक वांग्याच्या देठाशी किडीचं भोक शोधतं तशी, आणि भोक नाही सापडलं तरी मान हलवून बाजूला ठेवायचा. आता ती भीती उरली नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की मी मनात तुमच्याशी वाद घालते तेव्हा तुमच्या वाटचं उत्तरही मलाच द्यावं लागतं.

माझ्या गळ्यात गाठी आल्या आहेत. आवाज जिथून निघतो तिथल्या दोन पट्ट्यांवर समोरासमोर, बारीक. अकोल्याच्या मुलींच्या शाळेत इतकी वर्षं शिकवते आहे, वर्गाला लागूनच कापसाचं जिन आहे, हंगामात त्याची घरघर सुरू झाली की तिच्यावर आवाज चढवून कविता शिकवायच्या. त्याचा हा प्रसाद. डॉक्टर म्हणाले, घाबरू नका, जिवावरचं काही नाही, कापायचीही गरज नाही, नुसतं गप्प बसा, आणि हो, कुजबुजायचंसुद्धा नाही. गप्प बसण्याचं औषध ऐकून मला लगेच वाटलं की ह्या माणसाला काही कळलेलं दिसत नाही. अमरावतीला जाऊन दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी शब्दाला शब्द तेच सांगितलं. तेव्हा माझ्या मनात काय आलं असेल? दोघं एकाच कॉलेजात शिकलेले असणार! एका डॉक्टरवर भरवसा ठेवीन तर मी तुमची मुलगी कसली? आता पाटी-पेन्सिल घेऊन घरात फिरते, आणि शेजारच्या बाया मी बहिरी झाल्यासारख्या माझ्याशी मोठ्यानं बोलतात.

तुमचा आवाज मात्र कविता शिकवून गेला नव्हता. वलगावच्या सगळ्या माळ्यांचा माल अमरावतीच्या बाजारात उतरला की टोपलं कोणाचंही असो, हर्रास पुकारायचा तुम्ही. मेथी, कोथिंबीर, वांगी, संत्री, एकेका टोपल्याला पाय लावून उभे राहायचा आणि भाव असा पुकारायचा की बाजाराच्या दुसऱ्या टोकाचं गिऱ्हाईक मान वळवायचं. लोक म्हणत, ह्याच्या गळ्यानं माल विकते. ते खरंही होतं. पण बाबा, तोच आवाज तुम्ही घरी घेऊन यायचा. पाणी मागायचंत ते हर्रास पुकारल्यासारखं. एकदा भाकरी करपली म्हणून भर आळीत, पाणवठ्यावरून येणाऱ्या बायांच्या देखत तुम्ही मायला इतकं बोललात की तिनं घागर खाली ठेवली आणि म्हणाली, "तुमचा आवाज जरासाक बसला तं घरात सुख लागन." एवढंच. सगळ्यांनी ऐकलं. माय एरवी उलटून बोलणारी नव्हती, म्हणून ते जास्तच ऐकू गेलं.

त्यानंतरच्या हिवाळ्यात तुमचा आवाज बसला. आधी घोगरा झाला, मग मधेच तुटायला लागला, मग सकाळी बाजारात पहिल्या चार टोपल्यांनंतर नुसती हवा यायची. ज्येष्ठमध झालं, हळदीचं दूध झालं, गळ्याला शेक झाला. बाजारात तुमच्या जागी दुसरा माणूस पुकारायला लागला आणि तुम्ही टोपल्यांमागे गोणपाटावर बसून त्याच्याकडे असे पाहायचा की जणू त्यानंच तुमचा आवाज पळवला आहे. अशात चांदूर बाजारहून आत्या आली. ती तुमची थोरली बहीण, तिचा शब्द म्हणजे तुमच्यासाठी काळ्या दगडावरची रेघ. चुलीपाशी बसून, माय ऐकते आहे हे पाहून, ती म्हणाली, "आवाजाच्या मानसाले शेंदूर चारते लोकं. अन् थो घरातलंच कोनी चारते, बाहेरचा कायले येते?" आवाजावर जगणाऱ्या माणसाला वैरी विड्यातून शेंदूर खाऊ घालतात आणि त्याचा गळा कायमचा जातो, हे आपल्याकडे पोरासोरांनाही ठाऊक असतं. माय दर शनिवारी मारुतीला जायची. तुम्ही तिचा हात ओढून नखं पाहिलीत. एका नखात शेंदूर होता.

"हे काय हाय?" तुमच्या घशातून आवाज निघेना, तरी तुम्ही विचारलंत.

"मारुतीपासचा टिया कपायाले लावला, तवा लागला असन," माय म्हणाली.

"दर शनवारी लागते काय?"

"दर शनवारी मारुतीले जातो तं दर शनवारीच लागन ना."

ह्यात हसण्यासारखं काही होतं, पण कोणी हसलं नाही. त्या दिवसापासून तुम्ही मायच्या हातचा विडा बंद केलात. जेवण बंद करता येईना, कारण दुसरं कोण रांधणार? म्हणून तुम्ही मला जवळ बसवायला लागलात. ताट आलं की भाकरीचा तुकडा मोडायचा, कालवणात बुडवायचा आणि पहिला घास माझ्या तोंडात घालायचा. बाबा, मी किती खूश होते! तुम्ही लाड करणारे बाप नव्हता. तुमच्या बोटांना मेथीचा वास असायचा. मी मैत्रिणींना सांगत फिरायचे की माझे बाबा मला भरवल्याशिवाय जेवत नाहीत. मी घास चावत असताना तुम्ही माझ्याकडे बघत नसायचा, चुलीपाशी बसलेल्या मायच्या तोंडाकडे बघायचा, हे मला दिसायचं. पण लहान पोरीला बापाची नजर कुठे आहे ह्याच्याशी काय करायचं असतं? घास तिच्या तोंडात आहे ना.

मग बाजारातल्या एका अडत्यानं अकोल्याच्या डॉक्टरचं नाव सांगितलं. कान-घशाचा, मुंबईला शिकून आलेला. तुम्ही एकटे गेला असता तर मी आज हे लिहिलं नसतं. पण तुम्ही मायला बरोबर घेतलंत, मला घेतलंत, आणि निघताना आत्याच्या देखत, त्या फाटक्या आवाजात सांगितलंत की डाक्टरनं शेंदूर म्हटलं की ही तिकडूनच भातकुलीला जाईल. भातकुली म्हणजे मायचं माहेर. मायनं तिची दोन लुगडी एका धडप्यात बांधून घेतली होती. बडनेऱ्याला गाडी बदलताना ते गाठोडं मी हातात धरलं होतं आणि मला वाटत होतं, आपण मामाकडे जाणार.

ती खोली मला अजून दिसते. खिडकीला जाड पडदा, तुमच्या कानाशी मोठा दिवा, डॉक्टरांच्या कपाळावर गोल आरसा, त्याला मधोमध भोक. डॉक्टर लांब दांडीचा एक लहान आरसा घेतात आणि स्पिरिटच्या ज्योतीवर धरतात. तुम्ही खुर्चीतून उठता. "डागता काय मले?" पोटदुखीला, काविळीला तापलेल्या सळईनं डागणारे तुम्ही पाहिलेले, तुम्हाला दुसरं काय वाटणार? डॉक्टर आरसा स्वतःच्या गालाला लावून दाखवतात, म्हणतात, "अहो, तोंडातल्या वाफेनं धुरकट होऊ नये म्हणून कोमट केला." मग तुमची जीभ फडक्यात धरून बाहेर ओढतात, म्हणतात, "ई म्हणा." अमरावतीचा बाजार हलवणारा माझा बाप जीभ दुसऱ्याच्या हातात देऊन ई म्हणतो. माय दाराशी उभी आहे. तिनं पदराचं टोक दातात धरलंय.

डॉक्टर म्हणाले, "स्वराच्या पट्टीवर गाठ आहे. मांसाची. साधी आहे, काढली की झालं."

"शेंदूर दिसते काय?" तुम्ही विचारलंत.

"कसला शेंदूर? तुम्ही काम काय करता?"

तुम्ही सांगितलंत. डॉक्टर हसले. "मग दुसरं काय होणार? ओरडून झाली आहे ही."

मला वाटलं, संपलं. मायनं पदर सोडला. पण तुमचा चेहरा जरासुद्धा हलला नाही. आमच्या आळीत वैदू यायचा, तो दुखऱ्या दातातून किडे काढून दाखवायचा आणि ते किडे त्याच्या बाहीतून यायचे, हे तुम्हीच एकदा पकडलं होतं. तेव्हा तुम्ही डॉक्टरांना म्हणालात, "बाह्या वर करा डाक्टर. हात पाहू द्या." इतका शिकलेला माणूस, त्यानं मुकाट्यानं कोट काढला, बाह्या दुमडल्या, तळवे दाखवले. मला अजून त्यांचं नवल वाटतं. मग त्यांनी कडू औषधाचा बोळा तुमच्या घशात फिरवला, घसा बधिर झाला, थुंकी गिळता येईना, तेव्हा तुमच्या डोळ्यांत सरळ दिसलं की इथंही आपल्याला काहीतरी चारलं. एक बाकदार चिमटा आत गेला. तुम्ही ओकलात, खोकलात, परत बसलात, परत चिमटा गेला. आणि बाहेर आलं ते ज्वारीच्या दाण्याएवढं, ओलं, गुलाबी.

डॉक्टरांनी ते कापसावर ठेवलं. तुम्ही ते उचललंत. पडदा सारून खिडकीशी गेलात आणि ते तुमच्या पांढऱ्या धोतरावर घासलंत. रेघ उमटली. ती लाल आहे की शेंदरी, हे तुम्ही वाकून, डोळे बारीक करून बघत होता, आणि माय ते गाठोडं माझ्या हातातून काढून स्वतःच्या छातीशी धरून उभी होती. तिचं घर, तिची पोर, तिची चूल त्या रेघेच्या रंगावर होती. मला आता वाटतं, त्या खोलीत तुम्हाला कोणीतरी एक थोबाडीत द्यायला हवी होती. शेवटी डॉक्टर म्हणाले, "रक्त आहे हो ते," आणि त्यांचा आवाज पहिल्यांदा चढला होता.

आपण तिघंही वलगावला परत आलो. तुम्हाला काही आठवडे बोलायची बंदी होती. आता मला त्या बंदीत काय असतं ते कळतं आहे, जिभेवर आलेलं प्रत्येक वाक्य गिळावं लागतं आणि माणूस आपल्याच वाक्यांनी फुगून जातो. तेव्हा मात्र सगळ्यांना वाटत होतं की तोंड उघडाल तेव्हा तुम्ही आधी मायला काहीतरी म्हणाल. आत्याही त्यासाठीच थांबली होती, मला वाटतं, ऐकायला. बंदी संपली त्या दिवशी तुम्ही ताटावर बसलात, घास घेतलात, आणि स्वच्छ, मऊ आवाजात म्हणालात, "वांग्यात मीठ कमी हाय." माय उठून आत गेली आणि खूप रडली. जन्मभर ती सांगायची की तेव्हा तुम्ही माफी मागितलीत. मी नाही मानत. मीठ खरंच कमी होतं.

त्या दिवशी मला घास मिळाला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी ताटाशी जाऊन बसायचे आणि तुम्ही एकटेच जेवायचा. मला वाटलं, माझं काहीतरी चुकलं. मायला विचारलं, "मले घास काऊन नाई देत बाबा?" ती म्हणाली, "आता गरज नाई राह्यली, बाई." ह्या वाक्याचा अर्थ मला कळला तेव्हा मी शाळेत मास्तरीण झाले होते आणि तुम्ही नव्हता. वर्गात मुली डबे उघडून बसल्या होत्या, एकीनं दुसरीच्या डब्यातलं चाखून पाहिलं आणि म्हणाली, तिखट नाही, खा. मी खडू हातात घेऊन तशीच उभी राहिले. बाबा, तुम्हाला ठाऊक होतं की माय स्वतःच्या पोरीच्या तोंडात शेंदूर जाऊ देणार नाही. म्हणून ती माझ्या तोंडाकडे कशी बघते ते तुम्ही बघत होता. माझ्या लहानपणातलं जे एकच गोड मला सापडलं होतं, ते माझ्या तोंडानं तुमचं चाखणं होतं. त्याचा मला इतका राग आला की त्या वर्षी तुमच्या श्राद्धाला मी गेले नाही.

आता मायचं सांगते, तेवढ्यासाठीच हा कागद काढला. ती गेली त्याच्या आदल्या उन्हाळ्यात माझ्याकडे अकोल्याला होती. दुपारी मी शेंगा सोलत होते, ती भिंतीला टेकून बसली होती. कशावरून तरी तुमचा विषय निघाला आणि ती एकदम म्हणाली, "एकडाव घेतला होता म्या हातात."

"काय घेतला होता?"

"शेंदूर. मारुतीपासून आनला होता, पुडीत. तुह्या आत्यानं नाव लावलं ना मले, तवा. म्हटलं नाव लागलंच हाय तं होऊन जाऊ दे खरं. कालवन उकयत होतं."

मी विचारलं, "मंग?"

"मंग काय? पयला घास तं तुह्या तोंडात जात होता ना."

आणि ती पुन्हा शेंगांकडे बघायला लागली. म्हणजे बाबा, तुमचा संशय खोटा होता, आणि तुमच्या संशयानंच तो एका दुपारपुरता खरा होता होता राहिला. ज्या घासानं तुम्ही तिला चोर ठरवत होता, त्याच घासानं तिचा हात धरला. हे मी तुम्हाला कधी सांगितलं असतं का? नसतं. तुम्ही म्हणाला असता, पाहा, मी म्हणत होतो. पुडी विसरला नसता, हात मागे घेतलेला विसरला असता.

हे पत्र जायचं कुठे? लिहून झालं की चुलीत घालीन, घरात कोणाच्या हाती लागायला नको. पण एक कबूल करते. मायनं हे सांगितलं तेव्हा मला तिची भीती वाटली नाही. मला बरं वाटलं. त्या घासात तुमच्या बाजूनं प्रेम नव्हतं, पण चुलीच्या बाजूनं होतं, हे मला इतक्या वर्षांनी मिळालं. तिनं हे माझं मन राखायला रचलं असेल, असंही मनात आलं. तिला माझं दुःख ठाऊक होतं, आणि ती रचू शकत होती. मी विचारलं असतं तर तिनं सांगितलंही असतं. मी विचारलं नाही, बाबा. प्रसाद घेताना घ्यावा तसा डोक्यावरून पदर घेतला आणि शेंगा सोलत राहिले.