काट्यात पाच मिळवायचे

१३ नोव्हेंबर, रविवार

आज अलॉन्झोने काट्यात पाच मिळवले नाहीत.

चर्चमधून, मिस्साहून गाडीने परतताना मी नेहमीसारखं विचारलं, किती? वेगाचा काटा चाळिसावर होता. तो म्हणाला, "चाळीस." बस्स. पुढे काही नाही.

आमच्या या कॅप्रिस गाडीला सव्वीस इंची रिमं चढवली तेव्हापासून काटा कमी दाखवतो. चाक मोठं झालं, एका फेऱ्यात रस्ता जास्त कापतं. बिचाऱ्या काट्याला ते कोण सांगणार? म्हणून आपण मिळवायचं. काटा चाळीस, तर खरे पंचेचाळीस. मायामीच्या या लिबर्टी सिटीत ज्याच्या दारात अशी उंच गाडी आहे त्याच्या घरी ही बेरीज मिठाच्या अंदाजासारखी हातात बसलेली असते. वीस वर्षांत अलॉन्झो एकदाही चुकला नव्हता.

मी म्हटलं, "आणि पाच." त्याने वळून माझ्याकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ. मग म्हणाला, "हो. आणि पाच." आणि गाडी हळू केली.

त्याच्या थोरल्या भावाचं, पर्सिव्हलचं, असंच सुरू झालं होतं. आधी अंगवळणी पडलेल्या गोष्टी गेल्या. शेवटी बायकोला आई म्हणायचा.

देवा, अलॉन्झो नको.

१५ नोव्हेंबर

दिवसभर जुनंच डोक्यात. गाडी घेतली १९७९ साली, लग्नाच्या दोन महिने आधी. पाच वर्षं वापरलेली, पण मधाच्या रंगाची, टप उघडणारी. चाकं तेव्हा साधी, पांढऱ्या पट्ट्याची. वडील अंगणात येऊन म्हणाले, "लग्न माझ्या मुलीशी करतोयस की हिच्याशी?" अलॉन्झो म्हणाला, "दोघींशी, साहेब. ही आधी तयार झाली."

पहिली फेरी व्हर्जिनिया कीच्या किनाऱ्याला. मी डोक्याला रुमाल घट्ट बांधलेला. तो म्हणाला, काढ तो. मी म्हटलं, शाळेतल्या सिस्टर बेनेडिक्टा सांगायच्या, मुलीने भर रस्त्यात केस सोडू नयेत. तो म्हणाला, "सिस्टर मागच्या सीटवर नाहीत."

मी तरी मागे वळून पाहिलं.

२० नोव्हेंबर, रविवार

ह्यूस्टनहून क्लोव्हिसचा फोन. अलॉन्झोचा मामेभाऊ. फोन टेबलावर मोठ्याने लावलेला, मी भाजी निवडत होते.

"काय रे, अजून शिडी लावूनच चढता का गाडीत?"

"आणि तुम्हा ह्यूस्टनवाल्यांची चाकं अजून हातभर रिमं बाहेर काढून, कोपरं काढल्यासारखी चालतात का? समोरून कुणी आलं तर काय करता, अंग चोरता?"

"समोरचा चोरतो. आमच्याकडे रिमांना मान आहे."

"हो तर. आधी तुझी रिमं दिसतात, मग तुझं पोट दिसतं, मग कितीतरी वेळाने तू."

"काही म्हण, आम्ही जमिनीला धरून आहोत. तुम्ही मायामीवाले उगाच उंटावर."

मग दोघं मिळून कॅलिफोर्नियावाल्यांना हसले. त्यांच्या गाड्या रस्त्याला पोट घासत जातात, म्हणून. हा वाद पंचवीस वर्षं चालू आहे. एकाही शब्दाला अलॉन्झो अडखळला नाही. क्लोव्हिसच्या पहिल्या गाडीचा रंग, तिचा नंबरसुद्धा सांगितला.

मला हायसं वाटलं. आणि मग आठवलं — जुनं तर पर्सिव्हललाही शेवटपर्यंत आठवत होतं.

२७ नोव्हेंबर

पुन्हा तेच. काटा चाळिसावर, आणि म्हणे चाळीस. मी "आणि पाच" म्हटलं तर या वेळी वळलाही नाही. नुसता माझा हात थोपटला.

४ डिसेंबर

सकाळपासून कॅप्रिसची किल्ली नाही. खुंटीवर नाही, त्याच्या कोटात नाही. मी चिडले. नको ते बोलले. तो निमूट खाली वाकून सोफ्याखाली बघत राहिला, सत्तर वर्षांचा माणूस.

दुपारी भातासाठी तुरीची बरणी उघडली. किल्ली आत, दाण्यांत रुतलेली.

"मीच ठेवली असेन," तो म्हणाला.

तुरीच्या बरणीत! आमच्या लग्नाला त्रेचाळीस वर्षं झाली, या माणसाने कधी त्या बरणीला हात लावलेला नाही. न्हाणीघराचं दार लावून रडले.

७ डिसेंबर

ओडेसाला फोनवर सगळं सांगितलं. मुलगी आहे, तिला कळायलाच हवं. म्हणाली, "मम्मी, किल्ली काढून घे. उद्या कुणाचं पोर आडवं आलं तर?" खरं आहे. पण तिला काय माहीत, किल्ली काढून घेणं म्हणजे काय काढून घेणं.

मिरवणूक होऊ दे. एवढी जानेवारीतली, डॉ. किंग यांच्या दिवसाची मिरवणूक गाडीतून होऊ दे.

११ डिसेंबर, रविवार

आज काय झालं कोण जाणे, गाडीची पहिली फेरी लख्ख आठवली. इतक्या वर्षांत कधी कागदावर उतरवली नाही, म्हणून इथे ठेवते. व्हर्जिनिया कीला निघालो होतो. टप उघडा. माझ्या डोक्याला रुमाल. अलॉन्झो म्हणाला, काढ. मी म्हटलं, सिस्टर बेनेडिक्टा रागावतील. तो म्हणाला, सिस्टर मागच्या सीटवर नाहीत. तरी मी मागे वळून पाहिलं!

मागे नुसता समुद्र होता. आणि त्या दिवशी मी हिरवा झगा घातला होता.

१८ डिसेंबर

गाडी उंच केली तेव्हा मी अबोला धरला होता. चांगली जमिनीवरची गाडी, तिला टाचा कशाला? पोरं म्हणाली, मिस ऑरेलिया, आता ही नुसती गाडी नाही, डॉन्क झाली. मला तो शब्दच आवडला नव्हता. चर्चला जायचं नि डॉन्कमधून उतरायचं?

आणि चढायचं कसं? झगा सावरू की दार धरू? चार दिवसांत अलॉन्झोने लाकडी पायरी केली. गाडीच्याच मधाच्या रंगाची, वर मखमल ठोकलेली. चर्चच्या दारात तो आधी उतरायचा, वळसा घालून यायचा, पायरी ठेवायचा, हात पुढे करायचा. मिसेस कॅलेंडर म्हणाली, "आल्या बघा राणीसाहेब." मी अबोला विसरले. इतक्या उंचावरून गल्ली पहिल्यांदा पाहिली होती. कुणाच्या अंगणात काय फुललंय ते कुंपणापलीकडून दिसायचं.

६ जानेवारी, शुक्रवार

आज बोलले. स्वयंपाकघरात, त्याच्याकडे पाठ करून. "मिरवणुकीनंतर तू गाडी चालवायची नाहीस. मी डॉक्टरांची वेळ घेतली आहे."

मला वाटलं, भडकेल. बंदरावर तीस वर्षं माणसं हाकलेला माणूस. त्याने हातातला कप खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "बरं. तू म्हणशील तसं. पण डॉक्टरांकडे दोघंही दाखवून घेऊ, ऑरी. जोडीने."

"मला काय झालंय?"

"मला एकट्याला भीती वाटते," म्हणाला.

त्याला भीती वाटते असं तो आयुष्यात प्रथमच बोलला. मी लगेच दोघांची वेळ घेतली.

१६ जानेवारी, सोमवार. डॉ. किंग यांचा दिवस

शेवटची फेरी. काय दिवस होता! दुतर्फा माणसं, शेगड्यांचा धूर, पुढे शाळांचे बँड आणि मागे आमच्या गाड्यांची रांग: जांभळ्या, संत्र्यासारख्या, एक तर चॉकलेटच्या वेष्टनासारखी रंगवलेली. तीस इंची चाकांची नवी पोरं बाजूने गेली आणि आमची सव्वीसची बघून एकाने काच खाली केली: "आजोबा, बाळचाकं लावलीत का?"

"तुझा बाप रांगत होता तेव्हापासून आहेत," अलॉन्झो म्हणाला. पोरगा हसून लवला.

गाडी पावलापावलाने चालली होती. काटा जागचा हलतच नव्हता, मिळवायला काही नव्हतं. किती वर्षांनी मी काट्याकडे न बघता त्याच्याकडे बघत बसले. एक हात स्टिअरिंगवर, एक माझ्या गुडघ्यावर. घरी आल्यावर त्याने किल्ली आपणहून माझ्या तळहातावर ठेवली आणि मूठ मिटवली.

१८ जानेवारी, बुधवार

टेरेलच्या गॅरेजला गेले होते. गाडी आता उभीच राहणार, बॅटरी काढून ठेवू का, विचारायला. का, म्हणाला. मी सांगितलं: अलॉन्झोला बेरीज आठवत नाही.

टेरेल हातातला पाना पुसत राहिला. "मिस ऑरेलिया, बेरीज कसली? सप्टेंबरात काट्यामागचं आतलं दातेरी चाक बदललं ना आपण. काटा आता बरोबर दाखवतो. तुम्हीच मागे लागला होतात. रोज रोज पाच मिळवून कंटाळा आला, म्हणालात. टॉर्चही तुम्हीच धरला होता."

मी म्हटलं, हो, हो, आठवतंय.

खोटं बोलले. काही आठवत नाही. टॉर्च नाही, सप्टेंबर नाही.

घरी आले. अलॉन्झो ओसरीत बसला होता. मी किल्ली त्याच्यापुढे धरली. त्याने खुर्ची सरकवून मला बसायला जागा केली.

शुक्रवारी डॉक्टर. गाडी तो चालवेल.