आईला झोप लागते

प्रिय शेंडेफळ,

तुझं काम फत्ते झालं. आई आता रोज साडेनऊला अंथरुणावर असते. आठ वाजता फोन कपाटात, मग कोमट पाण्यात पाय, मग मोठा दिवा बंद, मग भिंतीला टेकवून पाय वर पाच मिनिटं आणि शेवटी ते लांब लांब श्वास. 'शवासन' म्हणायला मात्र ती तयार नाही. त्याला अजून वेळ आहे म्हणते, म्हणून तिनं त्याचं 'गादीआसन' करून टाकलंय. शेजारच्या काकूंना, माझ्याकडे कपडे टाकायला येणाऱ्या गिऱ्हाइकांनासुद्धा ती ऐकवते, "धाकटीनं पंधरा दिवसांत झोपवलं मला. योगाच्या क्लासात शिकवते ना!" मी खाली मान घालून मशीनवर टीप मारत राहते. स्पष्टच लिहिते, जळते मी तुझ्यावर.

माझा संसार मोडला आणि मी परत आले, त्या वर्षापासून आईची झोप उडाली, हे आपल्या सगळ्या नातेवाइकांना पाठ आहे. माझ्यामुळे उडाली, तर निस्तरायचंही मीच, असं मी ठरवलं. अकरा वर्षं जेवणं आटोपली की आम्ही दोघी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलो. मी काजं करायची, ती बटणं लावायची. टेलिफोन ऑफिसातल्या तिच्या गमती, बाबांचे रुसवे, तुझ्या जन्माआधीचं काय काय. तुला त्यातलं अर्धंही माहीत नाही. आमचा एक वाजायचा, तू तिकडे दूर ढाराढूर! आणि मग आलीस काखेत चटई मारून आणि हसत हसत मलाच म्हणालीस, "ताई, तूच तिला जागवतेस." आयत्या बिळावर नागोबा!

तू गेलीस आणि टेबलाशी मी एकटी उरले. काजंही मीच करायची, बटणंही मीच लावायची. आतून आईचं संथ घोरणं ऐकू यायचं. कुणाला आपल्या आईच्या घोरण्याचा राग येतो का? मला यायचा.

मागच्या गुरुवारी मी नको ते केलं. आठ वाजता, ती पाय पाण्यात सोडून बसली होती, तेव्हा तिच्या हातात कडक चहा ठेवला. गारठा आहे, घे, म्हटलं. तिनं कपाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि सगळा पिऊन टाकला. मग आसनं न करता टेबलाशी आली आणि म्हणाली, "दे, सुई ओवून दे." मला इतका आनंद झाला की लाजसुद्धा वाटली नाही.

साडेबाराला ती पेंगायला लागली. जांभया देऊन देऊन डोळ्यांतून पाणी येत होतं आणि शर्टाचं बटण तिनं काजाच्या पट्टीवरच लावून ठेवलं होतं. मला राहवलं नाही. चहा मुद्दाम दिला, असं कबूल करून टाकलं. "कळलं होतं गं," ती म्हणाली, "जीभ शाबूत आहे माझी." मग प्यायलीस कशाला, विचारलं. तर सुईवरची नजर न काढता म्हणाली, "झोप तुझी उडाली होती, माझी नाही. मला काय, उशीला डोकं टेकलं की लागायची. तू एकटी बसशील म्हणून बसायचे. आता सत्तरीत नाही होत माझ्यानं. धाकटी आली, बरं निमित्त मिळालं."

अकरा वर्षं, शेंडेफळ. मधेच उठून ती तोंडावर पाणी मारून यायची, आणि मला वाटायचं, बिचारीला उकडतंय.

म्हणून लिहितेय. ते सगळं, अगदी कितव्या श्वासाला काय करायचं इथपर्यंत, मला कागदावर लिहून पाठव. फोनवर नको, आई ऐकेल. हल्ली मीही साडेनऊला दिवा मालवून पडते. थोड्या वेळानं भिंतीपलीकडून आई हळूच विचारते, "झोपलीस का गं?" आणि मी म्हणते, "हो." मग तिची कूस बदलल्याचा आवाज येतो. अर्ध्या तासानं पुन्हा तोच प्रश्न. तिला उत्तर मिळेनासं झालं, की तीही झोपेल.

अजूनही थोडी जळणारी, पण तुझीच,
ताई