फौजदाराच्या तुऱ्यावरच्या सात खपल्या

प्रिय ठमे,

पाकिटावरचं अक्षर बघून तू हे पत्र उघडशील की नाही, माहीत नाही. तू आईशी रोज फोनवर बोलतेस. ती स्वयंपाकघराचं दार लोटून घेते आणि मी बाहेर वर्तमानपत्राचं तेच पान पुन्हा वाचत बसतो. नंतर ‘मजेत आहे ती’ एवढे तीन शब्द माझ्या पानात पडतात. असो. तू गेलीस त्याला आज सव्वीस दिवस झाले.

त्या रविवारी तू परसात आलीस तेव्हा माझ्याभोवती पाच माणसं आपापले कोंबडे काखेत घेऊन उभी होती, हे तू विसरलीस. अठ्ठावीस वर्षं मी कारखान्यात फिटर आहे. कोंबड्यांचं जे काही येतं ते कॉलेजची पायरी न चढता, स्वतःचे डोळे फोडून शिकलो. तुरा फिका पडला तर आधी पिसांखाली उवा-गोचडी शोधायच्या. कडक थंडीत टोकं काळी पडली तर चोळायचं नाही, कोंबडा कोरड्या उबेत ठेवायचा. पिठासारखा पांढरा थर दिसला तर बुरशी. सगळा तुरा जांभळा झाला तर दुखणं तुऱ्याचं नाही, श्वासाचं नाहीतर काळजाचं. हे मी तुला शिकवलं तेव्हा तुला फ्रॉकची बटणं लावता येत नव्हती. लोक मला डॉक्टर म्हणतात ते निम्मं चेष्टेनं, हे मला कळतं. पण निम्मं चेष्टेनं नाही, हेही कळतं.

आणि तू, जनावरांची खरी डॉक्टर, माझ्या मांडीवरच्या फौजदाराकडे, आपल्या कोंबड्याकडे, उभ्या उभ्या पाहिलंस आणि सगळ्यांदेखत म्हणालीस की बाबा, ह्या चोचीच्या जखमा नाहीत, ही देवी आहे, खपल्या सोलू नका, त्यांतूनच रोग पसरतो. मागून कुणीतरी हसलं, ‘चला, आता असली डॉक्टर आली!’ ते हसू मला लागलं, तुझं बोलणं नाही. पण शब्दांचा फटका तुला मारला. पुस्तकातला कोंबडा ओरबाडत नाही, म्हणून तिथे शहाणपण चालतं, असं म्हणालो. आणखीही बोललो, ते तुला पाठ असेल. तू वाढलेल्या ताटावरून उठून गेलीस. आई म्हणाली, पोरीला घालवलंत, आता कोंबड्यालाच वाढा. त्या दिवशी आमच्याकडे कुणीच जेवलं नाही.

तू गेल्यावर मी काय केलं ते ऐक. चोचीची जखम फाटल्यासारखी लांबट असते, रक्त ताजं असतं, आठवड्यात भरते. फौजदाराच्या तुऱ्यावर गोल, चामखिळीसारखे फोड होते, वाढत चाललेले. हा फरक मला दिसत होता. दिसत असूनही मी कोमट मिठाचं पाणी घेतलं आणि चिमट्यानं सगळ्या खपल्या सोलल्या. मोजून सात. खरं-खोटं करायला नाही, तुला खोटं पाडायला.

मग तोच चिमटा, तेच फडकं घेऊन कोपऱ्यावरच्या शिवणवाल्या काकूंकडे गेलो. त्यांचा कोंबडा तारेत अडकून तुरा फाटला होता. कारखान्यात माप घेण्याआधी मी पट्टी पुसतो, पण त्या दिवशी चिमटा धुतला नाही. जखम साफ केली, काकूंनी चहा दिला. नवव्या दिवशी त्यांच्या कोंबड्याला फोड आले, आणि मी म्हणालो, काही नाही, आपसात टोचलंय. म्हणून त्यांनी त्याला वेगळा ठेवला नाही. डासांनीही देवी पसरते, हे मला ठाऊक आहे. त्या डासांवर दोष ढकलून मी बरेच दिवस काढले.

काकूंच्या बारा कोंबड्यांपैकी तीन मेल्या. चौघींच्या तोंडात पिवळट चिकट थर धरलेत, घशाचा घरघर आवाज येतो. पाच अजून स्वच्छ दिसतात. काल काकूंनी फाटकाची कडी आतून धरून ठेवली आणि शांतपणे म्हणाल्या, डॉक्टर, आता तुम्ही येऊ नका. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. माझा फौजदार मात्र ठणठणीत आहे, तुऱ्याची दोन टोकं झडली एवढंच. सकाळी आरवतो तेव्हा कोपऱ्यापर्यंत ऐकू जातं.

तुझी माफी मागायला हे लिहीत नाही. ती मला नीट जमणार नाही, आणि अर्धवट काम मी देत नाही. काकूंकडे जा, एवढंच लिहायचं होतं. उरलेल्या पाचांना लस देता येते का बघ, त्या चौघींचं काय करायचं ते बघ. आमच्या घरावरून गेलीस आणि आत आली नाहीस तरी मी आईला काही बोलणार नाही. फक्त, हे कशामुळे झालं, असं काकू विचारतील. मी दोनदा सांगायला गेलो आणि फाटकाजवळूनच परतलो. तेव्हा बाप म्हणून मला सांभाळून घेऊ नकोस. तू डॉक्टर आहेस. सांगून टाक.

तुझाच,
चुकलेला, पण बाप