मागच्या गाडीचा ब्रेक

जहरा, कुवेत
२८ सप्टेंबर २०२५

ती. भावजींस,
नझीरचा सलाम. वि. वि.

मुझफ्फर बुधवारी गावी येतोय, त्याच्या हाती हे पत्र देतो आहे. मी फोन केला की तुम्ही नेमके नमाजाला गेलेले असता, मग वेळ कुठलीही असो. आपा म्हणाली, कागदावर लिही, कागद आला की ते उठून जात नाहीत. म्हणून लिहितो आहे.

इकडे सर्व खुशाल. माहीनला मी मराठीत विचारतो, ती इंग्रजीत उत्तर देते आणि झरीन आम्हा दोघांना हिंदीत रागावते. ऊन अजून उतरलेलं नाही. दुपारी वर्कशॉपमध्ये पाना हातात धरवत नाही.

पत्राचं कारण असं. तुमच्या अपघातानंतर तुमच्या मालकांनी, अबू फहदनी, गेली थंडी वाळवंटात तंबू टाकलाच नव्हता. यंदा जायचं ठरलंय. चाकांवरचं घर नवं घेतलंय, चांगलं बसएवढं, एअर ब्रेकचं. मागे जोडून न्यायची जीप मात्र तीच, तुमच्या वेळची. त्या जीपला ब्रेकची व्यवस्था कोणती करायची ते त्यांनी माझ्यावर सोपवलंय.

तीन प्रकार समोर आहेत. पहिला, आपल्याकडे होती तसलीच पेटी. जीपच्या ड्रायव्हर सीटसमोर ठेवायची, पुढच्या गाडीचा लाल दिवा लागला की पेटीचा दांडा जीपचा ब्रेक दाबतो. दुसरी पेटी दिव्याकडे बघत नाही, गाडी किती जोरात थांबतेय ते स्वतः ओळखते आणि तेवढंच दाबते, पण दर वेळी उचलून ठेवावी लागते. तिसरा प्रकार कायमचा बसवायचा. पुढच्या गाडीच्या हवेची नळी मागे न्यायची. ड्रायव्हर जेवढा दाबेल तेवढाच मागे ब्रेक लागेल.

मी अठरा वर्षं हे काम करतोय, पण या जीपला हात लावायचं मन होत नाही. ती तुमच्या गाडीमागे धावलेली. तुम्ही सांगाल ती व्यवस्था बसवीन. उत्तर दोन ओळींचं आलं तरी चालेल.

लोभ आजवर ठेवलात तसाच राहू द्या.

आपला,
नझीर

---

साखरतर, रत्नागिरी
१२ ऑक्टोबर २०२५

चि. नझीरास,
आपाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. दोन ओळी मागितल्यास आणि आमच्या घरात गेले आठ दिवस शाळा भरली आहे. तुझ्या भावजींनी पत्र तीनदा वाचलं, जुन्या कॅलेंडरच्या मागे नळ्या-दांड्यांची चित्रं काढली आणि मला समोर बसवून समजावून सांगितली. मला काही कळलं नाही, पण मी मान हलवली. पावणेदोन वर्षांनी हा माणूस गाडीबद्दल बोलला, मग मी काय मध्ये बोलणार?

नाहीतर इकडचं तुला ठाऊक आहे. टेम्पो मांगराजवळ उभा आहे तो उभाच. कोंबड्या हौद्यात अंडी घालतात. रत्नागिरीला जायचं तर हे एस.टी.ने जातात आणि ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर न बसता शेवटच्या सीटवर बसतात. विचारलं तर म्हणतात, पुढे बसलं की पाय आपोआप दाबला जातो आणि मग आठवतं. हा माणूस आंबा घाटातून रात्रंदिवस टेम्पो काढायचा. आपले अब्बा सांगायचे ना, सर्फराजच्या गाडीत भरलेला चहाचा कप हिंदकळत नाही म्हणून?

आता टेम्पो विकायचं मनात घेतलंय. नोव्हेंबरअखेर पावस गावाहून गिऱ्हाईक येणार आहे. मला पैशांचं काही नाही, पण तो टेम्पो गेला की हे पुन्हा कधी चाकाला हात लावणार नाहीत. पन्नाशीच्या माणसाने उरलेलं आयुष्य ओटीवर बसून कौलं मोजायची का? तू शहाणा आहेस, काही सुचलं तर लिही.

झरीनला आठवण सांग. माहीनला म्हणावं, बापाच्या बहिणीला, या फुफीला, इंग्रजी येत नाही, पण कोण उलट बोलतंय ते कुठल्याही भाषेत कळतं.

तुझी,
नूरी आपा

---

साखरतर
१४ ऑक्टोबर २०२५

प्रिय नझीर,
सलाम. वि. वि.

तुझं पत्र वाचून बरं वाटलं. माझं मत अजून कुणी विचारील असं वाटलं नव्हतं.

हवेच्या नळीवाली व्यवस्था घे. काम जास्त आहे, जीप दोन-तीन दिवस खोलून ठेवावी लागेल, पण पुढच्या पायाचा जोर मागे जसाच्या तसा पोचेल. पेटी दर वेळी ठेवायची म्हटली की घाईत एखाद दिवशी राहते, बायकामुलं आत बसलेली असतात, जेवणाची पातेली चढवायची असतात. शिवाय हूक तुटला तर जीप आपली आपण थांबावी म्हणून ती बारीक तार असते, ती बसवच. तिच्यात काटकसर नको.

आणि एक गोष्ट विसरू नकोस. कुठलीही व्यवस्था घे, पण ड्रायव्हरच्या समोर एक छोटा दिवा लाव, मागे ब्रेक लागला की पेटणारा. आपल्या पेटीला तो नव्हता. मागे काय चाललंय ते पुढच्याला कळत नसेल तर तो बिचारा काय करणार? माझं ठीक आहे, माझी चूक माझ्या पायाची होती. पण पुढे जो येईल त्याला दिवा असू दे.

अल-मुतला टेकडीच्या उतारावर मी ब्रेक दाबला तेव्हा गाडी थांबलीच नाही असं मला त्या क्षणी वाटलं होतं. मग समोरचा पाण्याचा टँकर आला. नंतर विचार करून कळलं की गाडी कशाला दगा देईल, नझीरने स्वतः तपासलेली होती. पायच उशिरा पडला. पोलिसालाही मी तेच सांगितलं. पंचवीस वर्षांत कधी नाही तो पडला, वय झालं असेल.

अबू फहदच्या अम्मांचं मनगट त्या दिवशी मोडलं. जुम्याच्या नमाजात मी त्यांच्यासाठी दुआ मागतो. मुझफ्फरबरोबर काजूची पुडी पाठवतोय, आपल्याच झाडांचे, मी स्वतः भाजून सोललेत. त्यांच्या हातात दे आणि माझ्या वतीने माफी माग. मला अरबी येतं तेवढ्यात ते मागून झालं नव्हतं.

तुझ्या प्रेमाचा
सर्फराज

---

जहरा
२ नोव्हेंबर २०२५

ती. भावजी व आपा यांस,
नझीरचा सलाम. वि. वि.

हे पत्र दोघांनी मिळून वाचावं. मी चार वेळा लिहून फाडलं आहे.

भावजी, तुमचा पाय उशिरा पडला नव्हता. तुम्हाला त्या क्षणी जे वाटलं तेच खरं होतं.

अपघाताच्या महिनाभर आधी, दोन फेऱ्या झाल्यावर, जीप माझ्याकडे आली होती. ब्रेक जळल्याचा वास येतोय, अशी अबू फहदची तक्रार होती. कारण मला पाच मिनिटांत कळलं. तुम्हाला घाटातली सवय आहे, पाय ब्रेकवर नुसता टेकवून ठेवायची. पुढच्या गाडीचा ब्रेक त्याने लागत नाही, पण मागचा लाल दिवा लागतो, आणि आपली पेटी दिव्यावर चालायची. तुम्ही पाय टेकवायचात आणि जीप बिचारी मैलोन् मैल ब्रेक घासत यायची.

एवढंच सांगायचं होतं, भावजी, पाय उचलून ठेवत जा. एका वाक्याचं काम. पण ते वाक्य माझ्या तोंडून निघेना. तुम्ही घरचे जावई. आपल्या घरात जावयाला कुणी चूक दाखवल्याचं मी पाहिलेलं नाही, आणि तीही गाडी चालवण्याची, तीही तुम्हाला. अब्बांचा तो चहाचा कप माझ्या डोळ्यांसमोर आला. मिठाची गुळणी धरून बसलो आणि पेटीचं बटण फिरवून जोर अगदी कमीवर आणून ठेवला. वास थांबला. तुम्ही मला शाबासकी दिलीत, नझीरच्या हातात जादू आहे म्हणालात, ते मी ऐकून घेतलं.

सपाट रस्त्यावर काही कळलं नाही. त्या टेकडीच्या उतारावर तुम्ही वेळेवर ब्रेक दाबलात. मागच्या दीड टनाच्या जीपने दाबलाच नाही, तिने तुम्हाला पुढे ढकललं.

याहून वाईट पुढे आहे. जीप ओढून वर्कशॉपला आणली तेव्हा कुणी बघायच्या आत मी ते बटण पुन्हा मधल्या खुणेवर आणलं. पहिली गोष्ट माझ्या भिडेपायी झाली. ही दुसरी मी जाणूनबुजून केली. मग तुम्ही स्वतःच सगळं अंगावर घेतलंत आणि मला वाटलं, झाकली मूठ सव्वा लाखाची. तुम्ही विमानात बसलात त्या दिवशी मी तुमची बॅग उचलली होती. तुम्ही मला म्हणालात, नझीर, तुझं नाव खराब केलं मी. मी बॅग ट्रॉलीवर ठेवली.

तुम्ही दिव्याबद्दल लिहिलंत ना, पुढच्याला कळलं पाहिजे म्हणून, ते वाचल्यापासून जेवण जात नाही. झरीनला सांगितलं. तिने विचारलं, मला का सांगतोस?

काजूची पुडी आठ दिवस माझ्या खणात होती. निर्दोष माणसाची माफी मी कुठल्या तोंडाने पोचवू? शेवटी परवा सलव्याला त्यांच्या घरी गेलो आणि अबू फहद व त्यांच्या अम्मांसमोर सगळं सांगितलं. अम्मांनी मनगट पुढे केलं आणि बोट ठेवून दाखवलं, थंडीत इथे दुखतं म्हणून. सर्फराजचे काजू म्हणून पुडी ठेवून घेतली. मला चहा मात्र दिला नाही. अठरा वर्षांत त्या घरातून मी चहा न घेता कधी बाहेर पडलेलो नाही.

अबू फहद म्हणाले, काम तूच कर, पण तपासायला दुसरा माणूस येईल. तुम्ही सांगितलीत तीच व्यवस्था बसवतोय, तारेसकट, दिव्यासकट. आणि त्यांनी तुम्हाला निरोप दिलाय की यायचं असेल तर तुमची जागा आहे.

माफी मागायला हवी, पण ती लगेच देऊन टाकाल म्हणून भीती वाटते. टेम्पो विकू नका, एवढीच विनंती. लोभ ठेवायचा की नाही ते तुम्ही दोघं ठरवा.

नझीर

---

साखरतर
१६ नोव्हेंबर २०२५

नझीर,

आशीर्वाद नंतर लिहीन.

यांचा चष्मा सापडत नव्हता म्हणून पत्र मी मोठ्याने वाचत होते. बटणाशी आले आणि मी थांबले. हे म्हणाले, वाच. मी शेवटपर्यंत वाचलं. मग हे उठले, कोंबड्यांना हाकललं आणि टेम्पोत जाऊन बसले. असरच्या नमाजापासून मगरिबपर्यंत, अंधार पडेस्तोवर, बसून होते. जेवले नाहीत. रागावले का ते मला सांगता येत नाही, कारण पंचवीस वर्षांत यांना रागावलेलं मी पाहिलेलं नाही.

माझं मात्र सांगते. गेली पावणेदोन वर्षं मी या माणसाची समजूत घालतेय. झाली चूक तर झाली, माणसाकडून होते, सोडून द्या. रोज. म्हणजे मीही त्यांना चूकच धरलं ना? गाडी थांबली नाही असं ते पहिल्या दिवशी मला म्हणाले होते. मी म्हटलं, असं बोलू नका, नझीरने तपासली होती. माझ्या भावापायी मी माझ्या नवऱ्यावर विश्वास ठेवला नाही. तुझ्याबरोबर मलाही हे निस्तरायचं आहे, आणि कुठून सुरुवात करू ते कळत नाही.

जावयाचा मान म्हणे! मान ठेवायचा होता तर चार गोष्टी तोंडावर बोलायच्या होत्यास.

लोभ आहे, तो कुठे जातोय. पण सध्या माळ्यावर टाकलाय, मागायला येऊ नकोस.

नूरी

---

साखरतर
३० नोव्हेंबर २०२५

प्रिय नझीर,
सलाम. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. मला राग येतोय की नाही हे आधी बघायचं होतं. येतोय. तुझ्या आपाला सांगितलं तर तिला बरंच वाटलं.

बटण फिरवलंस त्याचा राग नाही. चूक मीही केलीच होती, पाय टेकवायची. परत फिरवलंस त्याचा आहे. मी रोज सकाळी उठून या पायाकडे बघायचो. नमाजाआधी वजू करताना तो धुतला की वाटायचं, हाच तो. हे तुझ्याकडून भरून निघणार नाही आणि मीही मिटवून टाकणार नाही. माफी तू मागितली नाहीस ते बरं केलंस. मी खरंच लगेच दिली असती, आणि ती खोटी झाली असती.

अबू फहदना सांग, कुवेत आता पुरे. त्यांच्या नव्या ड्रायव्हरला मात्र पहिल्याच दिवशी सांग की पाय टेकवून ठेवू नकोस. तो कुणाचा जावई असला तरी सांग.

पावसचं गिऱ्हाईक आलं होतं. त्याला चहा पाजून परत पाठवलं.

काल सकाळी टेम्पोची बॅटरी बदलली, हौदा धुतला आणि रत्नागिरीला जाऊन आलो. बाजार करायचा होता म्हणून नूरी शेजारी बसली. नुसतं निमित्त, ती माझ्या पायावर नजर ठेवून होती. खाडीच्या पुलापर्यंत दुसऱ्या गियरवरच गेलो. पुढे एक म्हैस आडवी आली, दाबला, गाडी जागच्या जागी उभी राहिली. मी तिथेच बाजूला घेऊन थोडा वेळ थांबलो. नूरी रडत होती, म्हणून मी म्हशीकडे बघत बसलो.

तुझं म्हणणं खरं आहे. माझा पाय ब्रेकवर टेकलेला असतो, मला कळतही नाही. तू पावणेदोन वर्षं जे बोलला नाहीस ते तुझी आपा शिरगाव येईपर्यंत चार वेळा बोलली.

मे महिन्यात येशील तेव्हा स्टेशनवर घ्यायला मी येईन. गाडी मीच चालवणार. तू पुढे, माझ्या शेजारी बस आणि पाय टेकला की सांग. तोवर लोभ आहे, पण तो तुला स्टेशनवर येऊन घ्यावा लागेल.

सर्फराज