सासूबाईंचा साधा फोटो

१ जानेवारी
आजपासून नोकरी नाही. विमा कंपनीत बसून लोकांच्या ठोकलेल्या गाड्यांचे फोटो तपासण्यात उमेद गेली. आता फोटो मी काढणार आणि तपासतील दुसरे.
संकल्प : रोज पहाटे उठून प्रकाशाचा अभ्यास. फुकट काम नाही. माणसांना रांगेत उभं करून फोटो काढणं कायमचं बंद. रांग तिकिटाच्या खिडकीपुढे शोभते.
(उठलो साडेनऊला. प्रकाश होता.)

५ जानेवारी
स्कूटर विकून लेन्स घेतली. काय लेन्स आहे! एका डोळ्याची पापणी लखलखीत आणि बाकी सगळं धूसर, नुसतं लोणी. बायकोचा फोटो काढून दाखवला. ती म्हणाली, माझं नाक कुठे गेलं? नजर तयार नसली की असं होतं. हळूहळू होईल.

११ जानेवारी
पहिलं काम! कोपऱ्यावरच्या दाताच्या डॉक्टरांना वेबसाइटसाठी दवाखान्याचे फोटो हवे होते. मी एका आरशाच्या कडेवर फोकस ठेवला, बाकी सगळं धूसर. भीती, आशा, सगळं त्यात आलं. डॉक्टर म्हणाले, अहो यात खुर्ची दिसत नाही, मी दिसत नाही, पेशंटला वाटेल इथे धूर झालाय. फोटो परत केले.
गाढवाला गुळाची चव काय!

२० जानेवारी
वाईट बातमी. सासूबाई उन्हाळा काढतील असं वाटत नाही, असं मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं. ही घरी आली, पर्स न काढता ओट्यापाशी उभी राहिली आणि तशीच रडली. मी पाठीवर हात ठेवला.
मेव्हण्याचं लग्न वर्षअखेरीला होतं, ते आता मार्चमध्ये. आईला डोळ्यांनी बघता यावं म्हणून. थोरली मेव्हणी परदेशातून दोन दिवसांसाठी येणार. सासूबाईंचं एकच मागणं आहे : तिन्ही मुलं आणि त्या, एका फोटोत. असा फोटो त्यांच्याकडे नाही. मुलं लहान होती तेव्हा काढायला कोणी नव्हतं, आणि नंतर तिघं तीन दिशांना पांगली.
मेव्हणा स्टुडिओवाल्याला सांगणार म्हणे. घरचा माणूस असताना!

२३ जानेवारी
सासुरवाडीला खडाजंगी. मेव्हण्याचं म्हणणं, स्टुडिओवाले काका जुनेजाणते आहेत. मी म्हटलं, ते फोटो काढत नाहीत, हजेरी घेतात. शेवटी सासूबाईंनी पलंगावरूनच निकाल दिला. जावईबापूंनाच काढू दे, नोकरी सोडून बसलेत, जरा उभारी येईल. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, आमचा चौघांचा मात्र साधा काढा हो, डोकी कापू नका.
बाहेर आल्यावर हिने माझं मनगट धरलं. बाकी अख्खं लग्न नाही आलं तरी चालेल, पण तो एक फोटो आलाच पाहिजे, असं म्हणाली. मी म्हटलं, अगं, डाव्या हातचा मळ.

१२ फेब्रुवारी
तयारी जोरात. पाहुण्यांनी आपापले मोबाइल दारातच टोपलीत ठेवायचे, असा नियम केला. हल्ली मोठ्या लग्नांत असंच असतं. सगळे हात वर करून उभे राहिले तर मी काय त्यांच्या बगलांचे फोटो काढू? मेव्हणा नको म्हणत होता. होणाऱ्या नवरीला कल्पना आवडली, मग तो गप्प.
ही सांगत होती की आई रोज खिडकीपर्यंत चालायचा सराव करतेय. फोटोत बसून यायचं नाही, उभं राहायचं आहे तिला.
मीही चौघांच्या फोटोचा सराव करणार होतो. पण त्यात सराव काय करायचा!

९ मार्च
पार पडलं! पाय सुजलेत, पण आज मी कलावंत म्हणून जन्मलो.
नवरदेवाचा बूट. नवरीच्या कानामागची एक बट. सह्या करताना पेनाचं टोक. मोबाइल सगळे टोपलीत, त्यामुळे लोक एकमेकांशी बोलत होते. काही जण नुसतेच भिंतीकडे बघत होते, तेही काढले.
मग चौघांचा. सासूबाई चाकांच्या खुर्चीतून उठून खिडकीपाशी उभ्या राहिल्या. एका बाजूला ही, दुसऱ्या बाजूला थोरली, मागे मेव्हणा. शाळेच्या फोटोसारखे चौघंही नाकासमोर बघत होते. मी म्हटलं, माझ्याकडे बघू नका, नैसर्गिक राहा. तिघं उगाच हसली. सासूबाई माझ्याकडेच बघत राहिल्या.
आणि तेवढ्यात सुचलं. जवळच्या टेबलावर पाण्याचा ग्लास होता. वाकलो, ग्लास पुढे घेतला, त्यावरच्या थेंबावर फोकस, मागे चौघं विरघळलेली. एकामागून एक काढत सुटलो. अंगावर काटा आला.
सरळ एक काढायचाच होता. पण सासूबाईंचे पाय थरथरायला लागले. झाला का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, झाला. त्या खाली बसल्या आणि हिच्याकडे बघून इतकं छान हसल्या! कॅमेऱ्याची बॅटरी बदलत होतो, नाहीतर तेही हसू टिपलं असतं.
थोरली लगेच विमानतळावर गेली.

१६ मार्च
सासरी एक झलक पाठवली : नवरदेवाचा बूट. सासूबाईंचा फोन आला. बूट छान आलाय म्हणाल्या. चौघांचा कधी पाठवता?
म्हटलं, आई, हे वरणाच्या फोडणीसारखं नसतं, वेळ लागतो. बरं बरं, सावकाश करा, असं म्हणाल्या. समजूतदार बाई. मेव्हण्यात हा गुण उतरलेला नाही.

२ एप्रिल
सासूबाईंना हॉस्पिटलमध्ये हलवलं. ही तिथेच असते. माझं रंगांचं काम चालू आहे. सावल्या हिरवट ठेवाव्यात की निळसर, यावर आठवडा गेला. असेल तसा पाठव, असं ही म्हणते. अर्धवट काम दाखवायचं नाही हे माझं तत्त्व आहे.
चौघांचं फोल्डर अजून उघडलेलं नाही. गोड घास शेवटी.

११ एप्रिल
ही फोनवर ओरडली. आई रोज विचारते, मी रोज काय सांगू?
फोल्डर उघडलं. ग्लास अप्रतिम. मागे चार डाग. छोटं करून बघितलं की माणसं वाटतात. सगळे फोटो बघितले, सगळ्यांत ग्लास.
हिला सांगितलं, एडिटिंग चालू आहे.

१७ एप्रिल
सासूबाई गेल्या. सकाळी.
जावई फोटो आणणार आहेत, असं नर्सला सांगत होत्या म्हणे.
मला फार वाईट वाटतंय. लिहून ठेवतो, कारण बोलायला गेलो की तोंडातून लेन्सबद्दलच काहीतरी निघतं.

२१ एप्रिल
बाकीच्या फोटोंत सासूबाईंना शोधलं. नवरीच्या मागे एक खांदा. खुर्चीच्या हातावर एक हात. चेहरा कुठेच नाही. ऑफिसात असा फोटो आला असता, तर मी क्लेम नामंजूर केला असता.
पाहुण्यांना फोन लावले, मोबाइलवर चुकून काढला असेल कोणी. मेव्हण्याच्या मामेसासऱ्यांनी आठवण करून दिली की टोपली तुम्हीच फिरवत होतात.
थोरलीचा परदेशातून निरोप आला. तो एक फोटो तरी पाठव रे, मी शेवटी भेटले नाही तिला.

२४ एप्रिल
हताश व्हायचं कारण नाही! एक सॉफ्टवेअर सापडलं, कितीही धूसर चेहरा साफ करतं. चौघांचा फोटो घातला. ग्लास कापून टाकला. दोन मिनिटांत डोळे, भुवया, दात, सगळं आलं. डोकी कापलेली नाहीत. मोठी प्रिंट काढून फ्रेमला टाकली. उगाच घाबरलो होतो.

२६ एप्रिल
फ्रेम आणली. ही आईच्या कपाटातल्या साड्यांच्या घड्या घालत होती. फ्रेम मांडीवर घेऊन ती बराच वेळ बघत बसली.
ही बाई कोण, असं तिने विचारलं.
मी म्हटलं, आई. प्रकाश जरा वेगळा पडलाय.
तिने मेव्हण्याच्या चेहऱ्यावर बोट ठेवलं. मग थोरलीच्या. मग बोट पलीकडच्या बाईवर नेलं. गोल चेहरा, नीट दात, छान हसणारी कोणीतरी. ही मी आहे का, असं तिने मला विचारलं. रागाने नाही. खरंच विचारत होती.
मी हो म्हटलं.