तेरुएलला सुमन कुठं जेवते

औंढा नागनाथ, मंगळवार संध्याकाळ

लेकीचा, सुमनचा, स्पेनहून फोन. तेरुएल नावाच्या लहानशा शहरात नोकरी करते. मला दिवाळीला बोलावून राहिली. मुक्काम तिच्याच खोलीत, फिरायला विटांचे जुने मनोरे, खायला गल्लीतल्या भट्टीवरचा पाव. सगळं ठरवलंय पोरीनं.

"आई, आधी काय बघशील?"

"तू जेवतेस कुठं, ते."

म्हणाली, "ओट्यापाशी उभ्यानंच खाते. एकटीसाठी काहून ताट वाढून घ्यायचं?"

उभ्यानं! विमानाची भीती वाटते, खरंच वाटते. पण उभ्यानं जेवते लेकरू...

ह्यांना सांगून टाकलं, मी जाते.

"एवढ्या लांब, एकटी?"

म्हटलं, "पोरगी न्हाई का तिथं एकटी जेवून राहिली?"