बाथरूमच्या छताचा डाग

जुईनगर, नवी मुंबई
१२ जानेवारी २०२५

चि. सुधीर यास ताईचे अ. उ. आशीर्वाद.

फोनवर आपण तिसऱ्या मिनिटाला भांडतो आणि चौथ्याला तू फोन ठेवतोस, म्हणून पुन्हा पत्र. चिपळूणला सगळे बरे असतील. नंदिनीचा खोकला गेला का? तिला म्हणावं, नवऱ्याची औषधं घेऊ नकोस, डॉक्टरची घे.

मी सायकल घेतली. हसून झालं की पुढे वाच. डॉक्टर म्हणाले, गुडघ्यांना चालण्यापेक्षा सायकल बरी. टेलिफोन खात्यातून रिटायर झालेली बासष्ट वर्षांची बाई सायकल मागते म्हटल्यावर दुकानदाराने आधी नातीचं वय विचारलं. मग एकवीस गिअरची गळ्यात मारली. आता मी रोज सकाळी पामबीचवर जाते. तिथे घट्ट कपडे घातलेले एकेक महाभाग येतात. दहा किलोमीटर चालवायची आणि मग तासभर बसून वडा-सांबार हाणायचं, असा त्यांचा व्यायाम. मला बघून अंगठा दाखवतात, जशी काही मी त्यांच्याकडे परीक्षेला बसले आहे. गुडघा मात्र आधीपेक्षा जास्तच दुखतो आहे.

आता खरी डोकेदुखी. माझ्या बाथरूमच्या छताला दिवाळीच्या आधीपासून ओल आली आहे. ताटाएवढा डाग होता, आता परातीएवढा झाला. थेंब टपकतो तो नेमका माझ्या मानेवर. वर गणपतीनंतर नवे भाडेकरू आले आहेत, साताऱ्याकडचे. तो शहाजी तुर्भ्याच्या मार्केटात पोती उचलतो. बायको गोजरा, आणि त्याची म्हातारी आई वेणूबाई. ही माणसं नदीवर आल्यासारखी अंघोळ करत असणार, दुसरं काय? प्लंबर आणला. त्याने एका हातात मोबाइल धरून मान वर केली, वरच्यांचंच पाणी आहे असं सांगितलं आणि गेला. मी सोसायटीत लेखी तक्रार दिली आहे. शहाजीची सायकल जिन्यात असते, त्याचीही दिली. एकदा शिस्त लागली म्हणजे बरं.

लोभ आहे तेवढा राहू दे. वाढवायला तुझ्याकडे शिल्लक नसेल.

तुझी,
शुभदाताई


चिपळूण
२० जानेवारी २०२५

ती. ताईस सुधीरचा शि. सा. नमस्कार वि. वि.

तुझ्या त्या प्लंबरचा पत्ता पाठव, त्याचा नारळ देऊन सत्कार करतो. मान वर करून गळती ओळखणारा माणूस मी बांधकाम खात्यात बत्तीस वर्षांत पाहिला नाही.

आधी सायकल. गुडघा दुखतो कारण तू सीट खाली ठेवली असणार, पाय जमिनीला टेकावेत म्हणून. सगळ्या घाबरट माणसांची हीच चूक. सीटवर बसून पेडल एकदम खाली आण आणि त्यावर टाच ठेव. पाय सरळ झाला पाहिजे. वाकला तर सीट वर घे. चेन जुन्या टूथब्रशने रॉकेल लावून घास, कोरडी कर, मग तेलाचा थेंब थेंब सोड आणि वरचं तेल पुसून टाक. तू वाटीभर ओतशील, मला माहीत आहे. पूल चढायचा तर गिअर आधी बदल. चढावर मध्येच बदललास की चेन पडते. आणि पुढचा ब्रेक एकटा दाबू नकोस, तोंडावर पडशील. तुझ्या तोंडाची काळजी नाही, रस्त्याची आहे.

आता डाग. लोकांवर आरोप करण्याआधी स्वतःचं घर तपासायचं असतं, ताई. तुझ्या बाथरूमचं छत म्हणजे वरच्यांची जमीन नाही. मध्ये माळा आहे. पॅसेजमधून त्याला प्लायचं दार आहे आणि आत भावजींनी बसवलेली पाण्याची टाकी आहे. पाणी तासभरच यायचं तेव्हाची. आता चोवीस तास पाणी आहे, तरी ती भरतेच. तिचा कॉक बंद कर, टाकी रिकामी कर, दोन दिवस थांब. डाग सुकू लागला तर चोर घरातच आहे. नाही सुकला तर वरच्यांना सांगून त्यांच्या बाथरूममध्ये रंगाचं पाणी ओत आणि खाली रंग उतरतो का बघ. एवढं केल्याशिवाय कागद काळे करू नकोस.

नंदिनी नमस्कार सांगते. खोकला डॉक्टरांच्याच औषधाने गेला, खूश हो.

राग येईल तेवढा येऊ दे, माया कमी करू नकोस.

तुझा,
सुधीर


जुईनगर
९ फेब्रुवारी २०२५

चि. सुधीर यास अ. आ.

तुझं पत्र वाचून हात टेकले. ती टाकी यांनी स्वतःच्या हाताने बसवली आहे. तीन रविवार घालवून, एकेक नट घासून. यांच्या हातचं काम गळत नाही. तू सरकारी पूल बांधलेस, त्यातले किती उभे आहेत ते आधी मोज. माळ्याचं दार यांच्यामागे सहा वर्षांत मी उघडलेलं नाही आणि तुझ्या हट्टापायी उघडणारही नाही. आणि त्यांच्या घरात जाऊन रंग ओतायचा म्हणे! मी त्यांचा उंबरा ओलांडणार नाही.

सायकलची गंमत ऐक. सानपाड्याच्या पुलावर चढता चढता गिअर बदलला आणि चेन पडली. पडली ती पडली, वर अडकली. माझे हात काळे, लोक बाजूने जातात, अंगठेवाल्यांपैकी एकही थांबला नाही. थांबला कोण, तर शहाजी. मार्केटातून घरी निघाला होता. त्याने माझी सायकल उलटी केली, काडीने चेन सोडवली, मागचं चाक आवळलं. मग न विचारता सीट चार बोटं वर घेतली आणि म्हणाला, काकी, शीट खाली असली की गुडघं धरत्यात. हात खिशातल्या फडक्याला पुसले आणि गेला. मी काही खुळी नाही. दुसऱ्याच आठवड्यात सोसायटीची मीटिंग होती, तक्रार मागे घ्यावी म्हणून ही सगळी सेवा. गुडघा दुखायचा थांबला, हा भाग वेगळा.

मीटिंगमध्ये मी बोलले, चांगलं खणखणीत. सेक्रेटरीने लगेच त्यांना आठ दिवसांची मुदत दिली. आठ दिवसांत गळती थांबली नाही तर पाणी बंद. शहाजी उभा राहून सांगत होता की फरशीच्या सगळ्या फटी त्याने व्हाइट सिमेंटने भरल्या आहेत. गोजरा पदर धरून खाली बघत होती. गुन्हा असल्याशिवाय माणूस खाली बघतं का? आठ दिवस कालच संपले. डाग जागच्या जागी आहे, पाणी आज बंद झालं.

गुडघ्याचं सांगितलंस ते खरं निघालं म्हणून शेफारू नकोस. बाकी ठीक. ममता असू द्यावी, शहाणपणा तुझ्याजवळच ठेवावा.

तुझी,
ताई


चिपळूण
१५ फेब्रुवारी २०२५

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

पाणी तोडणं कायद्यात बसत नाही. तुझ्या सेक्रेटरीला एवढंही कळत नसेल तर त्याला जिन्यात ठेव आणि सायकल ऑफिसात. घरात म्हातारी आहे असं तूच लिहिलंस, मग तिने पाणी कुठून आणायचं?

भावजींचा हात चांगला होता, मी नाही म्हणत नाही. पण नटातलं रबर भावजींनी बनवलं नव्हतं. पंचवीस वर्षांत रबर वाळतं, त्यात त्यांचा काय कमीपणा? कॉक बंद कर. दोन मिनिटांचं काम आहे. तू ते करत नाहीस, कारण तुला भीती वाटते आहे.

रागावून का होईना, उत्तर लिही.

सुधीर


जुईनगर
१६ मार्च २०२५

चि. सुधीर यास अ. आ.

महिनाभर लिहिलं नाही. कारण खाली येईल.

ते लोक गेले. घरमालकाला सोसायटीची कटकट नको होती, त्याने महिनाअखेरीस घर रिकामं करायला लावलं. शेवटचे दिवस गोजरा खालच्या नळावरून कळशा भरून वर न्यायची. लिफ्टमध्ये पाणी सांडतं म्हणून सेक्रेटरीने तेही बंद केलं, मग जिन्याने नेऊ लागली. मी दाराच्या भोकातून बघत होते. मला समाधान वाटत होतं, खोटं कशाला लिहू. वरचा फ्लॅट पंधरा दिवस रिकामा, कुलूपबंद. आणि माझ्या मानेवर थेंब पडतच होता.

आठ दिवस मी स्वतःला सांगितलं की वरच्या फरशीत मुरलेलं पाणी उतरतं आहे. नवव्या दिवशी स्टुलावर चढले आणि माळ्याचं दार उघडलं. टाकीच्या बुडाचा नट पाझरत होता, आणि त्याच्याखाली यांनी वर्तमानपत्राची घडी ठेवली होती. घडी कुजून काळी झालेली. म्हणजे यांना माहीत होतं, सुधीर. तेव्हाच थोडं पाझरत होतं आणि यांनी मला सांगितलं नाही. मी कॉक बंद केला, टाकी रिकामी केली. तिसऱ्या दिवशी डाग कडेने पांढरा पडायला लागला.

वॉचमनकडून पत्ता घेतला. ते लोक कोपरखैरण्याला, बोनकोड्यात गेले आहेत. परवा सायकलवर गेले. गल्ली इतकी अरुंद की सायकल हातात धरावी लागली. गोजराने मला बघितलं आणि मी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, आमच्यापायी तुमाला लई तरास झाला काकी, आता तरी थांबलं का पाणी? मी हो म्हटलं. खरंच, एवढंच म्हटलं. तिने चहा केला, मी प्यायले आणि परत आले. येताना चढावर एकदाही उतरले नाही, इतकी पळाले.

काय लिहायचं ते लिही. तुला अधिकार आहे.

ताई


चिपळूण
२१ मार्च २०२५

ती. ताईस न. वि. वि.

लहानपणी माझी पाटी तू फोडलीस आणि मार मी खाल्ला, तेव्हाही तू अशीच गप्प बसली होतीस. तेव्हा तू नऊ वर्षांची होतीस, म्हणून मी सोडून दिलं. पुन्हा जा. त्या बाईला सांग, आणि ज्या मीटिंगमध्ये खणखणीत बोललीस तिथेही सांग. तोवर मला पत्र घालू नकोस, मी फोडणार नाही.

सुधीर


जुईनगर
६ एप्रिल २०२५

चि. सुधीर यास अ. आ.

हे पत्र फोड. दोन्ही करून आले.

सेक्रेटरीला कागद दिला, त्यावर चूक माझी आहे असं स्पष्ट लिहून. तो म्हणाला, जाऊ द्या मॅडम, डाग सुकला ना, आता कशाला उकरायचं. या माणसाला मी इतकी वर्षं हुशार समजत होते. मग कागद मीच लिफ्टमध्ये चिकटवला. त्याने काढला. मी पुन्हा चिकटवला. आजपर्यंत चार वेळा झालं आहे, आणि माझ्याकडे झेरॉक्स भरपूर आहेत.

मग बोनकोड्याला गेले. शहाजीही घरी होता. उभ्या उभ्याच सांगितलं, टाकी माझी होती, पाणी माझं होतं, तुमचा काही दोष नव्हता. शहाजीने स्टूल पुढे केलं. मग म्हणाला की त्याला पहिल्यापासून तसंच वाटत होतं, पण मार्केटात पोती उचलणाऱ्याचं कोण ऐकतंय. रागाने बोलला असता तर मला बरं वाटलं असतं. वरचा फ्लॅट पुन्हा मिळवून देते म्हटलं, तर नको म्हणाला. तिथे दुसरे लोक आलेही आहेत.

निघताना गोजराने हात धरला. म्हणाली, एवढं आमच्या आत्यास्नी सांगून जावा, त्या आमचं ऐकत न्हाईत. आत्या म्हणजे तिची सासू, वेणूबाई. पण काय सांगायचं ते मला कळेना. मग तिने सांगितलं. दिवाळीत मी वर त्यांच्या दारात जाऊन ओरडले होते, ते तुला लिहिलं नव्हतं; त्या दिवसापासून ते वेणूबाईंना प्लास्टिकच्या टबात बसवून अंघोळ घालत होते. दोन तांबे पाणी, मोजून. नंतर टबातलं पाणी हळूहळू मोरीच्या जाळीत सोडायचं आणि फरशी फडक्याने कोरडी करायची. इथे आले तरी म्हातारी टबाबाहेर पाय ठेवायला तयार नाही. खालची बाई ओरडंल म्हणते. सुधीर, त्यांचं हे घर तळमजल्यावर आहे. खाली नुसती माती आहे.

मी आत गेले. वेणूबाई खाटेवर बसल्या होत्या. त्यांच्या कानाशी वाकून मी जोराने सांगितलं की इथे खाली कोणी राहत नाही, हवं तेवढं पाणी घ्या. त्यांना नीट दिसत नाही. पण माझा आवाज त्यांनी ओळखला. दोन्ही हात जोडले आणि म्हणाल्या की आज एक थेंब बी सांडला न्हाई, बाई.

पुढचं मला लिहवत नाही. नंदिनीला नमस्कार सांग. मी यायच्या लायकीची वाटत असेन तर मे महिन्यात चिपळूणला ये असं लिही.

तुझी,
शुभदा